शिळ्याचा वाटा कुणाचा?

तिकोणा पेठ म्हटलं की पुण्याची माणसं विचारतात, ही कुठली नवी पेठ? ही पेठ पुणे शहरातली नव्हे. कामशेतहून पवनानगरच्या रस्त्यानं पुढं गेलं की तिकोण्याच्या किल्ल्याच्या पायथ्याशी हे गाव लागतं. माझं आजोळ. आजी-आजोबा गेले, मामाही गेला. आता घर मामी सांभाळते. वय ऐंशीच्या पुढं, कमरेत वाकलेली, पण चूल अजून तिच्याच ताब्यात.

गेल्या माघात एका रविवारी माझ्या मुलीनं त्या चुलीवर स्पेनचा एक पदार्थ केला. नोकरीच्या निमित्तानं ती दोन वर्षं माद्रिदला होती. ज्या बाईंच्या घरी राहायची, त्या एक्स्त्रेमादुरा भागातल्या. म्हणजे मेंढपाळांच्या मुलखातल्या. त्यांच्याकडून ती हा पदार्थ शिकून आली. नाव ‘मिगास’. अर्थ अगदी साधा, चुरा. कळप घेऊन दूरदूर हिंडणाऱ्या मेंढपाळांजवळ कडक झालेला पाव असायचा, लसूण असायचा आणि खारवून वाळवलेलं थोडं मांस असायचं. त्यातून हे जेवण झालं आणि पुढं घराघरांत शिरलं.

करण्याची रीत सोपी, पण वेळखाऊ. आदल्या रात्री मुलीनं शिळे पाव चिरले, त्यांवर मिठाचं पाणी शिंपडलं आणि ओल्या फडक्यात बांधून ठेवले. सकाळी मोठ्या कढईत तेल तापवलं, लसणाच्या पाकळ्या सालीसकट ठेचून टाकल्या, त्या बदामी झाल्यावर तिखट आणि लगेच पाव. मग अर्धा तास नुसतं परतणं. उलथण्यानं तुकडे मोडायचे, खालचं वर करायचं; चुरा बाहेरून खरपूस आणि आतून मऊ व्हायला हवा. स्पेनमध्ये यात ‘चोरिसो’ नावाचं लाल सॉसेज घालतात. त्याच्या जागी मुलीनं गोव्याचं चोरीस आणलं होतं. मामीला डुकराचं मांस चालत नाही, म्हणून ते वेगळ्या तव्यावर परतून वाटीत ठेवलं. सोबत द्राक्षं. स्पेनमध्येही काही भागांत मिगासबरोबर द्राक्षं खातात.

गोव्याचं चोरीस आणि स्पेनचं चोरिसो एकाच गोतातले. दोघांचा लाल रंग मिरचीचा. ती मिरची मूळची अमेरिकेची. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतर ती स्पेनला पोचली आणि पुढं पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्याकडं आली. मामीच्या डब्यातलं तिखटसुद्धा त्याच वाटेनं आलेलं, हे मी तिला सांगितलं. तिनं ते फारसं मनावर घेतलं नाही. ती कढईत डोकावत होती.

“आगं, ह्यो तर आपला कुस्करा!” ती म्हणाली. “आमी भाकरीचा करतो, तू पावाचा केलास. आन् तुमचं ते सॉसेज, तसं आमचं सुकट.”

मला तिचं म्हणणं पटलं. मूठभर सुकट किंवा वीतभर सॉसेज, काम तेच. चवीला थोडं, पोट भरायला भाकरी. जगातल्या कष्टकऱ्यांच्या घरी स्वयंपाकाचं गणित सारखंच असतं. तांदळाची शिळी भाकरी कुस्करायची, लसणाची फोडणी द्यायची, पाण्याचा हबका मारून झाकण ठेवायचं. शहरात हीच ‘फोडणीची पोळी’ होते.

कढई खाली उतरली. मी सवयीनं ताटं मांडायला लागलो, तर मुलीनं अडवलं. मिगासला ताट नसतं. कढई मध्ये ठेवायची, सगळ्यांनी भोवती उभं राहायचं. आपला चमचा घेऊन पुढं व्हायचं, एक घास घ्यायचा आणि एक पाऊल मागं सरायचं, की दुसऱ्याला वाट मिळते. मेंढपाळांची ही रीत. मालक असो की गुराखी पोर, कढई एक आणि पाळी सारखी.

आम्ही उभे राहिलो. मामी मात्र चुलीपाशीच. म्हणाली, “तुमी घ्या. मी मागनं खाते.”

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. आजी म्हणायची, आई म्हणायची, मामी म्हणते. त्या दिवशी पहिल्यांदा मला ते टोचलं. कारण मागून ती काय खाणार होती, हे मला ठाऊक होतं. टोपलीत रात्रीची भाकरी होती. सुटीत आम्ही भाचरं इथं यायचो तेव्हा गरम भाकरी आमच्या ताटात पडायची आणि शिळी मामीच्या. कुस्करा तिच्या हातचा म्हणून आम्ही मिटक्या मारत खायचो, पण तो आम्हाला कधीमधी मिळणारा खाऊ होता. तिचं ते रोजचं जेवण होतं. माझ्या आईनं दुपारी काय खाल्लं, हे मी तिला उभ्या आयुष्यात एकदाही विचारलेलं नाही. आता विचारायला ती नाही.

कुणी म्हणेल, त्या बायकांनी ते प्रेमानं केलं. खरं आहे. पण ज्या प्रेमाची पाळी दुसऱ्या कुणावर कधीच येत नाही, त्याला प्रेमाबरोबर आणखी एक नाव द्यावं लागतं, आणि ते आपण द्यायचं टाळतो. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के. याला कारणं अनेक आहेत, सगळा दोष शिळ्या भाकरीला देता येणार नाही. पण शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला भाजी किती उरते, डाळ किती उरते, हा प्रश्न त्या कारणांच्या बाहेरचा नाही.

कुणी म्हणेल, हे जुनं झालं, आता घरोघरी फ्रिज आहे. फ्रिजनं शिळं संपवलं नाही, डब्यात घालून ठेवलं. सोमवारी दुपारी तो डबा कोण उघडतं, हे प्रत्येकानं आपल्या घरी पाहावं. आणि जिथं कुणीच उघडत नाही तिथं अन्न कचऱ्यात जातं. तेही मला मान्य नाही. मावळात भर पावसात, गुडघाभर चिखलात वाकून भाताची लावणी करणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. मामीची कंबर त्यातच गेली. त्या भाताची भाकरी टाकून देणं हा त्यांच्या कष्टांचा अपमान आहे. ती एकटीच्या ताटात ढकलणं हाही अपमानच.

मग करायचं काय? उत्तर शोधायला स्पेनला जायची गरज नाही. ते आपल्या गोपाळकाल्यात आहे. गुराखी पोरांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या, सगळं एकत्र कालवलं आणि वाटून खाल्लं. कुणाची शिदोरी ताजी, कुणाची शिळी, हा हिशेब तिथं उरला नाही. मेंढपाळांच्या कढईचं आणि आपल्या काल्याचं सांगणं एकच आहे. आपण वर्षातून एकदा त्याचा प्रसाद घेतो आणि दुसऱ्या दिवशी घरच्या बाईला मागून जेवायला बसवतो.

त्या दिवशी मुलीनं मामीचा हात धरून तिला कढईपाशी आणलं. मामी संकोचली. पुरुषांच्या देखत, उभ्यानं, एका भांड्यातून! पहिला घास तिनं पाठ वळवून घेतला. दुसरा सरळ घेतला. तिसऱ्याला म्हणाली, “मीठ कमी हाय,” आणि स्वतः मीठ आणायला गेली. परत येऊन आपल्या जागेवर उभी राहिली.

तेव्हापासून आमच्या घरी रविवारची न्याहारी शिळ्याची असते. पोळी, भाकरी, पाव, आठवड्यात जे उरेल ते. फोडणी मी देतो. पहिल्या दोन रविवारी लसूण करपला, आता जमतं. कढई टेबलाच्या मध्ये असते आणि सगळे आल्याखेरीज कुणी चमचा उचलत नाही. बायकोनं पहिल्या रविवारी सवयीनं म्हटलं होतं, “तुम्ही सुरू करा.” आम्ही सुरू केलं नाही. थोडं गार झालं, पण ती आल्यावरच खाल्लं.