सागरप्रवास : तेल आणि शीड

धाम नदीचें पाणी पवनारावरून वर्धा, प्राणहिता व गोदावरी या वाटेनें अखेर बंगालच्या उपसागरास मिळतें; तेव्हां पवनारकर वाचकांस सागर अगदींच परका नव्हे. महासागर ओलांडूं पाहणाऱ्या इंजिनाच्या नौकेचा खरा प्रश्न वेगाचा नसून तेलाचा असतो. जड नौकेचा वेग निम्मा केला, तर तितक्याच अंतरास सुमारें चौथाई तेल पुरतें. म्हणून सुज्ञ नाविक सावकाश चालतो, कांहीं तेल राखून ठेवतो आणि लहानसें शीडहि जवळ बाळगतो. त्यानें नौकेचें डोलणें कमी होतें, तेल वांचतें, आणि इंजिन बंद पडल्यास वाऱ्याच्या आधारें एखादें बंदर गांठतां येतें. वाऱ्याचें सामर्थ्य केवढें, हें गोव्यांत बांधलेल्या ‘म्हादेई’नें दाखविलें आहे : २००९-१० सालीं दिलीप दोंदे यांनीं तींतून एकट्यानें, वाटेंत चार बंदरें घेऊन, शिडांच्या बळावर पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. मात्र वारा ऋतूप्रमाणें पालटतो. यास्तव निघण्यापूर्वीं महिनेवार वारे व प्रवाह दाखविणारे नकाशे अभ्यासावे. पावसाळ्यांत नैर्ऋत्येच्या वाऱ्यानें अरबी समुद्र खवळतो; नारळी पौर्णिमेपर्यंत थांबण्याचा आमच्या कोळ्यांचा रिवाज याच अनुभवांतला. भर समुद्रांत तेल संपलें, तर उसनें मागावयास शेजार नाहीं.