शस्त्रक्रियेनंतर लवकर घरी, पण कोणाच्या भरवशावर?

मेंदूतील गाठीची शस्त्रक्रिया सकाळी ठरली, की आदल्या रात्री बारापासून रुग्णाला पाण्याचा थेंबही द्यायचा नाही, ही शिस्त नातेवाईक इमानेइतबारे पाळतात. यादीत नंबर मागे पडला, तर तो दुपारपर्यंत कोरड्या घशाने पडून राहतो. भूलशास्त्राचे नियम मात्र केव्हाच बदलले आहेत. इतर अडचण नसेल, तर हलके खाणे सहा तास आणि साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते.

डेन्मार्कचे शल्यविशारद हेन्रिक केलेट यांनी १९९०च्या दशकात आतड्याच्या शस्त्रक्रियांमधील अशा जुन्या सवयी तपासून पाहिल्या. त्यातून घडलेली पद्धत मेंदूपर्यंत पोहोचायला बराच काळ गेला. चीनमध्ये १४० रुग्णांवर झालेल्या तुलनात्मक चाचणीत ती वापरलेले रुग्ण लवकर घरी गेले आणि गुंतागुंत वाढली नाही.

यात महागडे यंत्र नाही. डोक्याच्या त्वचेला सुन्न करणारे इंजेक्शन, उलटी होण्याआधीच तिचे औषध, लघवीची नळी लवकर काढणे, जमेल तसे दुसऱ्या दिवशी उठून बसवणे. आणि काही आठवडे आधी तंबाखू बंद. आपल्याकडे हा प्रश्न फक्त पुरुषांना विचारतात. घरातल्या आजीची मिशरी कुणी मोजतच नाही.

विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केले. आज मिरज आणि कराड येथे आसपासच्या तालुक्यांतूनच नव्हे, तर कर्नाटकातूनही रुग्ण येतात. त्यामुळे ही पद्धत इथे यायलाच हवी. पण केवळ खाट लवकर रिकामी व्हावी म्हणून नको.

शहरात राहणारा रुग्ण चौथ्या दिवशी घरी गेला, तरी डॉक्टर रिक्षाच्या अंतरावर असतात. माण किंवा जतच्या वाडीवरच्या माणसाचे तसे नाही. सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्या कशा कमी करायच्या, फिटची गोळी का चुकवायची नाही, हे डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत लिहिलेले असते आणि घरी ते वाचणारा असेलच असे नाही. गुंगी वाढली, वारंवार उलटी झाली, ताप आला, टाक्यांतून पाणी झिरपले, फिट आली किंवा पोटरी सुजली, तर थांबायचे नाही, हे जाण्याआधी घरच्यांकडून मराठीत वदवून घ्यावे. गावच्या आशाताई आणि आरोग्य केंद्राला त्याच दिवशी फोन जावा. कार्डावर रात्रीही उचलला जाईल असा एक नंबर हवा. तो देता येत नसेल, तर रुग्णाला आणखी दोन-तीन दिवस वॉर्डातच ठेवलेले बरे.