पंधरा मिनिटांची शिफारस

शनिवार सकाळ. डोंबिवलीत या वेळी दोनच आवाज येतात, कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या आणि समोरच्या बिल्डिंगमधलं ड्रिलिंग. म्हटलं, बरेच दिवस डोक्यात घोळणारा विषय आज मोकळा करू.

विषय शॉर्टफिल्म्सचा. ऑफिसात मी 'शॉर्टफिल्मवाला' म्हणून (कु)प्रसिद्ध आहे. काही चांगलं सापडलं की लगेच लिंक फेकायची, खाली लिहायचं 'मस्ट वॉच!', की झालो आपण रसिक. लोकही सुज्ञ. न बघता अंगठा दाखवतात. व्यवहार पूर्ण.

पूर्वी हे इतकं सोपं नव्हतं. ब्रॉडबँड नवीन होतं तेव्हा २५६ केबीपीएसवर ५० एमबीची फिल्म उतरायला, सगळं सुरळीत चाललं तरी, जवळपास अर्धा तास लागायचा. यूट्यूबवर २००६ ते २०१० दहा मिनिटांची मर्यादा होती, त्यामुळे मोठी फिल्म तुकड्या-तुकड्यांत. एवढे कष्ट असल्यामुळे माणूस विचार करून बघायचा आणि विचार करूनच दुसऱ्याला सांगायचा. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि ठाण्याहून डोंबिवलीपर्यंत लोकलमध्ये लटकत लटकत एक फिल्म संपू लागली. बघणं सोपं झालं, तसं सांगणंही उथळ झालं.

तुम्ही म्हणाल, सांगायचंच कशाला? अल्गोरिदम आहे की! आता हा आमच्या धंद्यातला विषय, म्हणून थोडं सांगतो. सुचवणारी यंत्रणा आधीच्या लोकांनी काय बघितलं, किती वेळ बघितलं यावर चालते. यूट्यूबने २०१२ मध्येच नुसत्या क्लिकपेक्षा बघण्याच्या वेळेला वजन द्यायला सुरुवात केली. पण नवीन मुलाने केलेली, कुणी न पाहिलेली फिल्म? तिच्याबद्दल डेटाच नाही. याला आम्ही 'कोल्ड स्टार्ट' म्हणतो. थंडीत गाडी सुरू होत नाही, कुणीतरी उतरून धक्का मारावा लागतो, तसंच. पहिले शे-दोनशे प्रेक्षक माणसांनीच आणावे लागतात. मशीन पुढचं बघतं.

आणि हे धक्का मारणं आपल्याला नवीन नाही. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. 'हे नेऊन बघा, आवडेल तुम्हाला' असं म्हणणारा काउंटरपलीकडचा माणूस आपल्यापैकी अनेकांना भेटलेला आहे. सिनेमाचंही तेच. देशातल्या फिल्म सोसायट्यांचा महासंघ १९५९ साली उभा राहिला, त्यात विजया मुळे होत्या. याच बाईंनी पुढे १९७४ मध्ये 'एक अनेक और एकता' केलं. हो, तेच दूरदर्शनवरचं चिमण्यांचं! आपल्या पिढीने पाहिलेली पहिली शॉर्टफिल्म बहुधा तीच, फक्त आपल्याला तसं कुणी सांगितलं नव्हतं.

असो. आता मुद्द्याची गोष्ट.

नीरज घायवानची 'जूस' (२०१७) माहीत असेल. हा माणूसही आपल्यातलाच, आधी इंजिनिअर, मग एमबीए, मग सिनेमा. 'मसान'वाला. 'जूस' जेमतेम पंधरा मिनिटांची. हॉलमध्ये कूलरसमोर पुरुषांच्या गप्पा, आत उकाड्यात स्वयंपाक करणाऱ्या बायका, आणि मध्ये ये-जा करणारी शेफाली शाह. शेवट सांगत नाही.

मी ती बघितली, भारावलो आणि घरच्या ग्रुपवर टाकली. 'मस्ट वॉच!' अंगठे आले. विषय संपला.

गेल्या वर्षी गौरी-गणपतीला कल्याणला काकांकडे जमलो होतो. जेवणं व्हायची होती. मला काय सुचलं कोण जाणे, टीव्हीला फोन जोडला आणि सगळ्यांना बोलावलं. आतून उत्तर आलं, "तुम्ही बघा रे, आमचं चालू आहे." मी हट्टाने गॅस बंद करायला लावला. आई, काकू, वहिनी, बायको पदराला हात पुसत येऊन बसल्या. खाली. सोफ्यावर आम्ही होतो.

फिल्म संपली. कुणी बोलेना. मग काका हसून म्हणाले, "हे उत्तरेकडे असतं. आपल्याकडे असं नाही."

काकू उठता उठता म्हणाली, "आपल्याकडे कूलर नाही, एसी आहे. एवढंच." आणि वरणाला फोडणी द्यायला आत गेली.

परत येताना बायकोने विचारलं, "तू लिंक पाठवली होतीस ना, तेव्हा मी ती रात्री ओटा पुसता पुसता बघितली. तू कुठे होतास, आठवतंय?" आठवत होतं. हॉलमध्ये. दुसरी फिल्म बघत.

त्या दिवसापासून मी सुधारलो वगैरे सांगून टाळ्या घेणार नाही. कधी कधी ओटा मी पुसतो, कधी कधी विसरतो. पण 'मस्ट वॉच' लिहिणं मात्र बंद केलं. कारण चांगली फिल्म सुचवणं म्हणजे एक प्रश्न समोरच्याच्या घरात नेऊन ठेवणं. तो प्रश्न आधी आपल्या घरात ठेवून बघायची तयारी हवी. नसेल तर तो नुसता फॉरवर्ड.

म्हणून स्वतःसाठी काही नियम केलेत. पटले तर घ्या.

एक, पूर्ण बघितल्याशिवाय पुढे पाठवायची नाही. दोन, ग्रुपवर नाही, एका माणसाला पाठवायची, आणि त्यालाच का, हे एका ओळीत लिहायचं. तीन, लिंक ज्याने फिल्म केली किंवा प्रदर्शित केली त्याच्याच चॅनेलची. कुणीतरी उचलून परत चढवलेल्या कॉपीवर बघितलं तर करणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही, साधा आकडाही नाही. चार, जमेल तेव्हा सोबत बसून बघायची.

आणि शोधायचं कुठे? सोपी युक्ती आहे. आवडत्या दिग्दर्शकाचं सुरुवातीचं काम शोधा. 'फँड्री' आणि 'सैराट'च्या आधी नागराज मंजुळेंचा 'पिस्तुल्या' होता, शाळेत जाऊ पाहणाऱ्या पारधी पोराचा. 'वळू'च्या आधी उमेश कुलकर्णींची 'गिरणी', एफटीआयआयमध्ये शिकताना केलेली. दोन्हींना राष्ट्रीय पुरस्कार आहेत. त्या पुरस्कारांत 'नॉन-फीचर' नावाचा एक विभाग असतो, ज्याच्या बातम्या चौथ्या पानावरही येत नाहीत. ती यादी काढा, नावं टिपा, एकेक शोधत बसा. सगळं सापडणार नाही. पण जे सापडेल ते अल्गोरिदमने आपणहून दाखवलं नसतं.

यंदा गौरी-गणपतीला परत कल्याणला जायचंय. परवा काकूचा फोन आला होता. म्हणाली, "या वेळी काय दाखवणार आहेस? आधी सांग, म्हणजे स्वयंपाक तुम्ही पुरुष कधी उरकणार ते ठरवता येईल."

मी अजून उत्तर दिलेलं नाही. काकांना कोण सांगणार?