शिवणाचा तास राहू द्या

विद्यार्थी मित्रांनो, पालकहो आणि विश्वस्त मंडळाचे सन्माननीय सदस्य,



मागच्या पालकसभेत एक सूचना आली. सातवीचा शनिवारचा शिवणाचा तास बंद करून तो गणिताला द्यावा, आणि ते जमत नसेल तर निदान मुलग्यांना तरी त्यातून सूट द्यावी. सूचना कळकळीने केलेली होती, म्हणून तिचे उत्तरही नीट द्यावे असे आम्हाला वाटते.

या तासात मुले काय करतात ते आधी सांगतो. मुले घरून जुने सुती कापड आणतात. आजीचे पातळ, बाबांचा शर्ट, फाटकी चादर, काहीही चालते. जुनेच का? नवे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, कधी रंग सोडते. जुन्याचे हे सारे होऊन गेलेले असते. पुठ्ठ्याचा १२ सेंटिमीटरचा चौकोन ठेवून कापडाच्या उलट बाजूला पेन्सिलीने नऊ चौकोन आखायचे आणि कापायचे. कड उभ्या-आडव्या धाग्याला धरून हवी. तिरपी गेली तर कापड ताणले जाते आणि चौकोन चौकोन राहत नाही. मग दोन तुकडे सुलट बाजू आत करून जोडीला ठेवायचे आणि कडेपासून १ सेंटिमीटर आत धावदोरा घालायचा. सुरुवातीला आणि शेवटी दोन-दोन टाके उलट्या टिपेचे, म्हणजे दोरा सुटत नाही. असे तीन-तीन चौकोनांचे तीन पट्टे करायचे आणि ते जोडून एक मोठा चौकोन. पहिल्या पट्ट्याच्या शिवणी उजवीकडे, दुसऱ्याच्या डावीकडे वळवून इस्त्री केली की सांध्यावर गाठ येत नाही.

आता गणिताकडे येऊ. बारा-बाराचे तीन तुकडे म्हणजे ३६ सेंटिमीटर. प्रत्येक शिवण दोन्ही तुकड्यांतून एकेक, म्हणजे २ सेंटिमीटर खाते. दोन शिवणींचे ४ गेले, पट्टा उरला ३२चा. मागच्या वर्षी एका मुलाचा मधला पट्टा काही केल्या बसेना. मोजला तर ३१.२ भरला. तो म्हणाला, “बाई, मी तर फक्त दोनच मिलिमीटर चुकलो!” बाईंनी त्याला फळ्यावर मांडायला लावले. दोन मिलिमीटर, दोन तुकडे, दोन शिवणी, म्हणजे आठ मिलिमीटर. तो काही न बोलता जागेवर गेला, त्याने शिवण उसवली आणि पुन्हा घातली.

आमचे म्हणणे एवढेच आहे. वहीतल्या चुकीवर आम्ही लाल शाईने खूण करतो आणि मूल पुढचे पान उलटते. कापडावरची चूक मात्र कापडच दाखवते, आणि ती उसवून सुधारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ही सवय ज्याला लागली, त्याचे गणितही सुधारेल, असा आमचा विश्वास आहे.

आणि एक कबुलीही द्यायला हवी. दोन वर्षांपूर्वी आठवीचा हाच तास आम्हीच काढून गणिताला दिला होता. त्यामुळे निकाल सुधारला, असे आम्हाला प्रामाणिकपणे सांगता येत नाही. आमची स्वतःची पदवी गणिताची आहे, तरीही हे लिहितो आहोत.

मुलग्यांना सूट द्यायला आम्ही तयार नाही. आपल्या इंदुरातले शिंपी बहुतेक पुरुषच आहेत. त्यांच्या कामाला कोणी बायकी म्हणत नाही. मग घरातली सुईच तेवढी बायकी कशी?

यात भाषेचाही प्रश्न आहे. आमचे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. सुई-धागा, बखिया, पैबंद हे शब्द आमच्या तोंडी बसले. टीप, ठिगळ, उसवणे हे शब्द आई बोलायची. ती गेली आणि ते ऐकू येईनासे झाले. मागच्या वर्षी आम्ही मागच्या बाकावर बसून नऊ चौकोन जोडत होतो. (ते वाकडेच झाले!) बोलता बोलता आम्ही ‘बखिया’ म्हणालो, तर शेजारची मुलगी म्हणाली, “माझी आजी त्याला टीप म्हणते.” असे शब्द पाठ करून येत नाहीत, हातात काम असले की आपोआप तोंडात येतात. सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे काम शिकावे, असे २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही म्हटले आहे. आपण तर फक्त आठवड्याचा एक तास मागतो आहोत.

पालकांची गणिताची काळजी मात्र खरी आहे. म्हणून मंगळवारी आणि गुरुवारी शाळा भरण्यापूर्वी अर्धा तास आम्ही स्वतः गणित घेऊ. शिवणाचा तास जागेवरच राहू द्यावा. विश्वस्तांकडे मागणे एवढेच, की दहा चांगल्या कात्र्या आणि एक इस्त्री मिळावी.

सातवीत यंदा ३५ मुले आहेत. बाहेरची कड शिवणीत गेल्यावर प्रत्येकाचा चौकोन ३० सेंटिमीटरचा राहील. आडवे पाच, उभे सात लावले की दीड मीटर रुंद आणि दोन मीटर दहा सेंटिमीटर लांब गोधडी होते. आत जुन्या पातळांचे थर घालू, खाली अस्तर लावू. स्नेहसंमेलनात ती सर्वांना पाहायला मिळेल आणि नंतर रात्रपाळीच्या चौकीदार काकांना देऊ. जानेवारीतली थंडी त्यांनाच ठाऊक.

येत्या शनिवारी मुलांबरोबर जुने सुती कापड पाठवावे, ही विनंती. मात्र धुऊन पाठवावे.

— प्राचार्य