पराभवाचा हिशेब

त्र्यंबक शंकर शेजवलकरांचा ‘पानिपत : १७६१’ हा ग्रंथ डेक्कन कॉलेजाने १९४६ साली इंग्रजीत प्रसिद्ध केला, तेव्हा मराठे आणि अफगाण बादशहा अब्दाली यांच्यातल्या त्या लढाईला १८५ वर्षे होऊन गेली होती. तोवर महाराष्ट्राला पानिपताचे कारण ठाऊक झाले होते. कोणी म्हणे सेनापती भाऊसाहेबांचा हेका नडला, कोणी म्हणे मल्हाररावांनी मैदान सोडले, कोणी यात्रेकरूंच्या लटांबराला बोल लावी. गुन्हेगार कोण ते ठरले की चौकशी संपे.

यदुनाथ सरकारांनी १९३४ साली मोगल साम्राज्याच्या ऱ्हासावरील ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात ही चौकशी पुन्हा उघडली. फार्सी साधने ताडून पाहत त्यांनी बखरींतले लाखांचे आकडे बाजूला सारले आणि मराठ्यांची लढाऊ फौज सुमारे ४५ हजारांवर, तर अब्दालीची ६० हजारांवर आणली. भाऊंबद्दलचा त्यांचा निकाल मात्र कडक होता. शेजवलकर १९३९ पासून डेक्कन कॉलेजात मराठ्यांच्या इतिहासाचे प्रपाठक होते. त्यांनी तीच लढाई मराठी पत्रव्यवहाराच्या उजेडात वाचली आणि १४ जानेवारीच्या सकाळी भाऊंच्या मनात नेमके काय होते, असा प्रश्न विचारला. त्यांचे उत्तर असे : शत्रूचा फडशा पाडण्याचा बेत नव्हताच. तोफा आणि इब्राहिमखानाचे कवायती गारदी बाहेर, न लढणारे बुणगे आत, असा गोल बांधून लढत लढत यमुनेच्या रोखाने निघायचे होते. विंचूरकर आणि गायकवाडांचे घोडेस्वार उतावीळ होऊन गारद्यांच्या पुढे धावले आणि गोल फुटला. पायदळाच्या नव्या शिस्तीची आणि घोडदळाच्या जुन्या सवयीची गाठ एकाच फौजेत पडली होती. तिथे दोष एकट्या सेनापतीच्या माथी मारता येत नाही.

त्याहून मोठी गोष्ट दाणावैरणीची. १७६० च्या ऑगस्टमध्ये दिल्ली हाती आली, पण तिजोरी रिकामीच. फौजेच्या खर्चासाठी दिवाण-इ-खासच्या छताची चांदी उतरवून तिचे रुपये पाडावे लागले. ऑक्टोबरात कुंजपुऱ्याला धान्य मिळाले, पण त्याच महिन्यात अब्दाली बागपतला यमुना उतरला आणि दक्षिणेची वाट तुटली. डिसेंबरात रसद पाहणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले. जानेवारीच्या सुरुवातीला दिल्लीहून खजिना घेऊन निघालेले स्वार अंधारात वाट चुकून थेट अफगाण छावणीत शिरले. तिथे मराठीत बोलू लागताच ते ओळखले गेले आणि कापले गेले. लढाईआधीच छावणीची उपासमार सुरू झाली होती. पुण्यापासून इतक्या दूर एवढी फौज पोसण्याची कायमची व्यवस्था मराठी राज्याने उभी केलेली नव्हती. १४ जानेवारीला जे घडले त्याची मुळे या अभावात आहेत.

शेजवलकर तटस्थ नव्हते. भाऊंची बाजू त्यांनी हिरिरीने मांडली. मराठे परकीयाविरुद्ध साऱ्या हिंदुस्थानासाठी लढले, या त्यांच्या सिद्धान्तात १९४६ चे वारेही खेळते आहे. अवधचा नवाब शुजाउद्दौला अब्दालीकडे गेला, सूरजमल जाट दूर राहिला, राजपूत फिरकलेच नाहीत. त्या काळच्या हिंदुस्थानाला ही लढाई आपली वाटली नव्हती, हे विसरून चालत नाही. तरीही आज त्यांच्याशी वाद घालायचा तर पत्रे, तारखा आणि नकाशा समोर ठेवूनच घालावा लागतो. लष्करी इतिहासकाराची खरी कमाई हीच. तो वादाची पायरी वर नेतो.

पुढे शेजवलकरांनी शिवचरित्र हाती घेतले. १९६३ साली ते गेले तेव्हा हे चरित्र पुरे झालेले नव्हते. प्रस्तावना, आराखडा आणि साधने एवढेच १९६४ मध्ये ‘श्रीशिवछत्रपती’ या नावाने छापले गेले आणि त्याला १९६६ चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले. एका अभ्यासकाच्या आयुष्यात हे काम मावणारे नव्हते, आणि ते पुढे नेणारी फळी आपण उभी केली नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत. फौजेचा पगार, दाणा, बैल, दारूगोळा यांच्या नोंदी शोधायच्या त्या अशाच कागदांत. मोडी आणि फार्सी दोन्ही येणारी, हिशेबाच्या वह्या कंटाळा न करता वाचणारी माणसे तयार करायला पैसा आणि वर्षे लागतात. पुतळे, पोवाडे आणि चित्रपटांवर आपण हात सैल सोडतो. त्यातला थोडा वाटा या कामाकडे वळला, तरच पराभवाच्या कारणांची आपली चर्चा दोषारोपांच्या पुढे सरकेल.