परका हा ऐच्छिक विषय नव्हे

स्थलांतरितांचे ईशज्ञान आणि त्यांची पाळकीय सेवा हा विषय सेमिनरीत सक्तीचा असावा, असे म्हटले की पहिला आक्षेप ठरलेला असतो. हे समाजकार्य झाले, यात ईशज्ञान कुठे आहे? होतकरू धर्मगुरूने पवित्र शास्त्र, श्रद्धातत्त्वे, नीतिशास्त्र, धर्मसंहिता शिकावी. मजुरांचे रेशनकार्ड, मुलांची शाळा, थकलेली मजुरी यांसाठी धर्मप्रांताची समाजसेवा केंद्रे आहेत. आक्षेप घेणाऱ्यांचा हेतू वाईट नाही. आधीच भरलेल्या अभ्यासक्रमात नवेनवे विषय कोंबले जातात आणि मूळचे विषय पातळ होतात, ही त्यांची तक्रार खरी आहे. पण ती इथे लागू होत नाही. स्थलांतरित हा मूळ विषयांच्या आतच आहे; आपण ते विषय शिकवताना त्याला ओलांडून पुढे जातो.

अनुवाद ग्रंथाच्या सव्विसाव्या अध्यायात शेतकरी पहिल्या पिकाची टोपली घेऊन याजकापुढे उभा राहतो. त्याने काय बोलायचे हे नियमशास्त्राने ठरवून दिले आहे, आणि त्या बोलण्याची सुरुवात पूर्वजाच्या भटकेपणापासून, मिसरातल्या उपरेपणापासून होते. जमीन मिळाली, पीक हाती आले, तरी इस्राएलने देवापुढे आपली ओळख सांगायची ती उपऱ्याची. रूथ मवाबी. सासूच्या मागे परमुलखात आली, दुसऱ्याच्या शेतात सातूची कणसे वेचून पोट भरू लागली, आणि मत्तयाने तिचे नाव येशूच्या वंशावळीत घातले. त्याच शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात बाळ येशूला घेऊन आईबाप मिसरात पळतात. पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवशी माणसांची निवड होते ती परक्याला घरात घेतले की नाही यावरही. ही पाने बाजूला ठेवून श्रद्धातत्त्वे पूर्ण शिकवता येतात असे ज्यांना वाटते, त्यांनी ती शिकवून दाखवावीत.

हे नवे खूळ आहे, असेही म्हटले जाते. बारावे पायस यांनी स्थलांतरितांच्या सेवेविषयी ‘एक्सुल फामिलिया’ हे संविधान १९५२ मध्ये काढले. भावी धर्मगुरूंच्या घडणीत या सेवेला जागा द्या, असे पत्र व्हॅटिकनच्या शिक्षण विभागाने १९८६ मध्ये पाठवले. २००४ च्या ‘एर्गा मिग्रांतेस कारितास ख्रिस्ती’ने तेच पुन्हा बजावले. खूळ म्हणायला हे सारे बरेच जुने झाले.

पण रोमच्या कागदांवर मला हा वाद जिंकायचा नाही. तो मोहन्यात नेऊन पाहावा.

कसारा लोकलने शहाडच्या पुढे अंबिवलीला उतरले की मोहने. उल्हास नदीच्या काठी नॅशनल रेयॉनचा कारखाना, सगळ्यांच्या तोंडी एनआरसी. देशाच्या निरनिराळ्या मुलखांतून माणसे इथे कामाला आली. कंपनीची वसाहत, कंपनीची शाळा, पगाराची तारीख, सण. गावाकडच्या घराला हळूहळू कुलूप लागले. २००९ च्या नोव्हेंबरात कारखान्याला टाळे लागले. थकलेल्या देण्यांचा लढा वर्षानुवर्षे चालला आणि पुढे वसाहतीतल्या इमारतीही पाडल्या जाऊ लागल्या. स्थलांतर म्हणजे गाठोडे घेऊन गाडीतून उतरणारा माणूस, असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे असते. मोहन्यातला कामगार कधीच उतरून, राबून, निवृत्तीच्या वयाला आला आणि मग परका झाला. जायला गाव उरले नाही. राहायची खोली कधी त्याची नव्हतीच.

यिर्मयाने बाबेलमधल्या बंदिवानांना पत्र लिहिले: घरे बांधा, बागा लावा, मुलांची लग्ने करा, ज्या नगरात आहात त्याचे भले चिंता. सेमिनरीत हे पत्र शिकवले जाते. आता हेच वचन एनआरसीच्या वसाहतीत राहिलेल्या कुटुंबापुढे वाचा. त्यांनी हे सगळे केले आहे. संसार थाटला, झाडे लावली, मुलांची लग्ने केली, गावाचे भले चिंतले. त्यानंतर काय? घर दुसऱ्याच्या नावावर असताना देवाच्या वचनावर विसंबून वसलेल्या माणसाला आशा म्हणजे काय, हे धर्मगुरूने कसे सांगावे? हा प्रश्न रेशनकार्डाने सुटणारा नाही आणि समाजसेवा केंद्राच्या अखत्यारीतही येत नाही. हा अस्सल ईशज्ञानाचा प्रश्न आहे, आणि तो ग्रंथालयात सुचत नाही.

धर्मसंहितेचेही तसेच. तिचे १०२ वे कलम सांगते की माणूस एखाद्या धर्मग्रामात तीन महिने राहिला तरी तो तिथला अर्ध-रहिवासी होतो. ज्याला कुठेच ठावठिकाणा नाही, तो या क्षणी जिथे आहे तिथला धर्मगुरू त्याचा धर्मगुरू, हे १०७ वे कलम. कल्याण-भिवंडीच्या पट्ट्यात छोटा नागपूरकडचा एखादा कॅथलिक आदिवासी मजूर तीन महिने राबला, तर तो त्या धर्मग्रामाचा झाला. वर्गणी भरो न भरो, नोंदवहीत नाव असो नसो. हे कलम परीक्षेत लिहिणारा विद्यार्थी पुढे धर्मगुरू होतो, आणि सही-शिक्क्यासाठी आलेल्या अशाच माणसाला सांगतो की आधी तुमच्या गावच्या फादरांचे पत्र आणा. विषय शिकवला गेला होता. माणूस शिकवायचा राहिला होता.

दुसरा आक्षेप जरा नेमका आहे: व्यवस्था तर झालीच आहे. भाषेनुसार मिस्सा आहेत, आणि केरळातून आलेल्या सिरो-मलबार भाविकांसाठी १९८८ मध्ये कल्याणचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, २०२५ मध्ये त्याला महाधर्मप्रांताचा दर्जा मिळाला. हे काम मोठे आहे आणि त्याला कमी लेखण्याचा माझा मुळीच विचार नाही. आपली उपासनापद्धती, आपली भाषा, आपले धर्मगुरू सोबत असले की परमुलखात माणूस ताठ उभा राहतो, हे त्याने दाखवले. गोवेकरांनी तर हे धर्मगुरूची वाट न पाहता केले होते. मुंबईत धोबीतलावच्या आसपास एकेका गावाचा कूड, म्हणजे गावकऱ्यांचे सामायिक वसतिघर, असे. बोटीवर नोकरी शोधणारा तरुण तिथे पेटी ठेवी, संध्याकाळी वेदीपुढे सगळ्यांबरोबर रोझरी म्हणे, गावच्या संताचे फेस्त तिथेच साजरे करी. पण या दोन्ही ठिकाणी येणारे संघटित होते. मागणी करणारी समिती होती, निदान गावाचे नाव होते. ज्याच्यामागे समिती नाही, त्याचे काय?

दिवाळीनंतर जव्हार, मोखाडा, शहापूरकडची कातकरी, ठाकर, वारली कुटुंबे या पट्ट्यातल्या वीटभट्ट्यांवर येतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. बयाणा आधीच घेतलेला असतो. हंगामात खर्चीवर दिवस काढायचे आणि शेवटी विटांच्या हजारीवर हिशेब. तो फिटला नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा तीच भट्टी. १९७९ चा स्थलांतरित कामगारांचा कायदा राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांसाठी होता. मोखाड्याहून कल्याणला आलेला कातकरी त्याच्या लेखी स्थलांतरितच नव्हता. नाताळ आणि ईस्टर हे आपले दोन्ही मोठे सण भट्टीच्या हंगामातच येतात. चर्चमध्ये गोठ्याचा देखावा सजतो तेव्हा कच्च्या विटा रचून केलेल्या भोंग्यांत तान्ही मुले झोपलेली असतात. ही कुटुंबे बहुतेक ख्रिस्ती नाहीत. म्हणून ती आमची जबाबदारी नाहीत, असे म्हणणाऱ्याने मत्तयाचा पंचविसावा अध्याय पुन्हा वाचावा. तिथे परक्याचा धर्म विचारलेला नाही.

यावर हळू आवाजात उत्तर येते: तिथे गेलो तर धर्मांतराचा आरोप होईल. ही भीती खोटी नाही. पण अशिक्षित उत्साहाने जाणाराच असा आरोप ओढवून घेतो. सोळावे बेनेडिक्ट यांनी २००५ च्या ‘देउस कारितास एस्त’मध्ये स्पष्ट लिहिले की प्रेमाची सेवा ही धर्मप्रसाराचे साधन म्हणून वापरायची नाही. हे तत्त्व अंगी मुरण्यासाठीच तर शिक्षण हवे. ‘विधायक संसद’ या संस्थेने वीटभट्ट्यांवर मजुरांच्या मुलांसाठी भोंगाशाळा चालवल्या. अशा संस्थांच्या हाताखाली सेमिनरीच्या विद्यार्थ्यांनी काम शिकावे, आपला वेगळा फलक लावण्याचा आग्रह धरू नये.

राहिला सर्वांत दुखरा आक्षेप, भूमिपुत्रांचा. १८८७ मध्ये इटलीत पिआचेन्झाचे बिशप स्कालाब्रिनी यांनी स्थलांतरितांच्या सेवेसाठी धर्मसंघ काढला. त्याच वर्षी मुंबई-ठाण्यातल्या मूळच्या कॅथलिकांनी गोवा-मंगळूरहून आलेल्यांपासून वेगळे ओळखू यावे म्हणून ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. आपल्याच भूमीवर स्वतःला नवे नाव द्यावे लागणे ही साधी गोष्ट नाही. पुढे कितीतरी धर्मग्रामांत त्यांची मराठी मिस्सा इंग्रजीपुढे मागे सरली, शेते गेली, गावठाणे चेपली. त्यांनी विचारले की परक्यांचे ईशज्ञान शिकवता, आमचे कोण शिकवणार, तर तो प्रश्न झटकून टाकता येत नाही. पण मराठी चर्चमधून गेली ती भट्टीवरच्या मजुरामुळे गेली नाही. इंग्रजीला प्रतिष्ठा मानणाऱ्या आपल्याच शाळांनी आणि आपल्याच वेदींनी तिला बाहेर काढले. स्थलांतरितांचे ईशज्ञान नीट शिकवले तर त्यात यजमानाची जखमही येते, आणि पाहुण्याने यजमानाची भाषा शिकण्याचे कर्तव्यही. फादर स्टीफन्स १५७९ मध्ये इंग्रजी मायबोली घेऊन गोव्यात उतरले आणि १६१६ मध्ये त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओव्यांत छापले गेले. मराठी ख्रिस्ती साहित्याचा पाया एका परक्याने घातला आहे.

कॅथलिक शाळांनाही हा अभ्यास चुकत नाही. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अल्पसंख्याक संस्थांना शिक्षणहक्क कायद्यातून सूट दिली. कायद्याने मोकळे सोडले म्हणून आपण मोकळे झालो का, हे शाळा चालवणाऱ्या प्रत्येक धर्मसंघाने भट्टीवरच्या मुलाला समोर ठेवून ठरवावे.

मागणी अगदी ठरावीक आहे. पुणे आणि गोरेगाव इथल्या सेमिनरींपासून मोहने दूर नाही. ईशज्ञानाच्या प्रत्येक विद्यार्थ्याचा एक हंगाम, दिवाळीपासून पहिल्या पावसापर्यंत, अशा पट्ट्यात जावा. मराठी पक्की असावी, हिंदी असावी, जमल्यास छोटा नागपूरकडची सादरीही. यिर्मयाचे पत्र, रूथची गोष्ट आणि धर्मसंहितेतली ती कलमे त्याने तिथेच वाचावीत. परत आल्यावर तोंडी परीक्षेत त्याला विचारावे की तुझ्या धर्मग्रामाच्या हद्दीत तीन महिन्यांपासून कोण राहते आहे आणि त्यांची नावे काय. उत्तर आले नाही, तर गुरुदीक्षा एक वर्ष पुढे ढकलावी.