टोपणनावाचा फंडा

दिवाळीला राळेगावला घरी गेलं, की निम्मी सुट्टी कापसाच्या हिशोबात जाते. वेचणीची मजुरी, क्विंटल, भाव सगळं बाबा कॉम्प्युटरवर ठेवतात. मशीन जुनं, म्हणून त्यावर लिनक्स मीच टाकून दिलं. आणि मग रोज संध्याकाळी पुण्यात माझा मोबाइल वाजायला लागला, "ते हिशोबाचं कसं उघडाचं वं?"

तुम्ही म्हणाल, आयकॉन ठेव की! ठेवला होता. पण बाबांचा हात थरथरतो, डबल क्लिक हमखास चुकतं. कीबोर्डवर मात्र बोटं सुसाट; एकेकाळी मराठी टायपिंगची परीक्षा दिलेला माणूस! म्हणून टर्मिनलची काळी खिडकी दाखवली. तिथे प्रोग्रॅमचं नाव, फोल्डर, फाइल असं सगळं लिहायचं. बाबा म्हणाले, "एवढं लांबलचक कोन लिहीन?"

यावर उपाय एलियस, म्हणजे चक्क टोपणनाव. बिल जॉय यांच्या सी शेलमध्ये ही सोय 1970च्या दशकाच्या अखेरीस आली. आज लिनक्सवर सर्रास दिसणाऱ्या बॅशमध्येही ती आहे. 'एलियस' लिहून पुढे नाव, मग बरोबरचं चिन्ह आणि अवतरणात अख्खी कमांड. चिन्हाच्या आजूबाजूला जागा सोडायची नाही, एवढंच पथ्य. नाव देवनागरीत चालतं. मी ठेवलं 'हिशोब'. कमांडच्या आधी भाषेची सेटिंग मराठी केली. मराठी भाषेचं पॅकेज आधीच टाकलं होतं, त्यामुळे तेवढ्या प्रोग्रॅमचे मेनू मराठीत आले. बाकी मशीन जसंच्या तसं.

मी खूश होऊन पुण्याला परतले. दोन दिवस फोन नाही. तिसऱ्या दिवशी आईकडून कळलं, बाबांनी जुनी वही काढली होती. खिडकी बंद केली की एलियस पुसलं जातं. कायम राहायला ती ओळ होम फोल्डरमधल्या 'डॉट बॅशआरसी' फाइलमध्ये लिहावी लागते. मी विसरले होते. 'हिशोब' लिहिल्यावर इंग्रजीत 'कमांड सापडली नाही' असं आलं, आणि बाबांना वाटलं, आपणच काहीतरी बिघडवलं. विचारायचीही त्यांना लाज वाटली.

चूक माझी होती, हे सांगताना मलाच कसंतरी झालं. मग फोनवर एकेक अक्षर सांगत ती ओळ त्यांच्याकडूनच लिहून घेतली.

यंदा घरी गेल्यावर ती फाइल उघडली. 'हिशोब'च्या खाली आणखी एक ओळ होती, 'फवारणी'. ती मी लिहिलेली नाही.